रोममध्ये तीन दिवस : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रोमचं नियोजन बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरू करतात, आणि पुढची ओढाताण तिथूनच सुरू होते. स्वस्त मिळालं म्हणून शनिवारी रात्री उतरायचं तिकीट काढलं जातं. मग कळतं की व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा सोडून बाकी रविवारी बंद असतात. बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात पोपचं दर्शन असतं, म्हणून बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, साधारण दुपारपर्यंत पर्यटकांसाठी बंद. सोमवारी बोर्गेझे कलादालन आणि ओस्तिया अँतिका हे जुनं बंदर बंद. म्हणून आधी वार ठरवा, मग विमान.

तीन पूर्ण दिवस हाताशी असतील तर बुधवारी दुपारी उतरणं सगळ्यात सोयीचं. बुधवारी संध्याकाळी पायी फेरफटका, गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवारी कोलोसियम, शनिवार आपल्या आवडीचा आणि रविवारी परत. या आखणीत पक्की वेळ असलेली तिकिटं दोनच : व्हॅटिकन आणि कोलोसियम. ती दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी बसवली की बाकीचं रोम त्यांच्याभोवती पायी होतं. दोन्ही एकाच दिवशी बघायचा हट्ट करू नका. दोन्हीकडे तीन-तीन तास उभं राहणं आणि चालणं आहे, मध्ये सुरक्षा तपासणीच्या रांगा आहेत, आणि दुपारनंतर डोळे काही टिपेनासे होतात.

हंगाम म्हणाल तर एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हवा छान असते, गर्दीही तेवढीच. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तर सोनं. नोव्हेंबरात मात्र रोममध्ये चांगला पाऊस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि रोमन फोरममध्ये (प्राचीन शहराच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत) सावली जवळपास नाहीच. १५ ऑगस्टच्या आसपास बरेच स्थानिक लोक सुट्टीवर जातात, छोटी दुकानं आणि खाणावळी बंद असतात.

व्हिसा : तीन महिने आधी हात घाला

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतं. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते : एप्रिल-मेच्या तारखा भराभर भरतात. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट शेंगेन प्रदेशातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असणारा. सोबत बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र, राहण्याचं आणि विमानाचं आरक्षण. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

अर्ज नाकारला जातो तो बऱ्याचदा कागदांतल्या विसंगतीमुळे. रजेच्या पत्रात एक तारीख, विम्यावर दुसरी, हॉटेलच्या आरक्षणात एक रात्र कमी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तरी शंका येते. ती कुठून आली याचा कागद जोडा. रोमबरोबर पॅरिस किंवा स्वित्झर्लंडही करणार असाल, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे.

तिकिटं : नाव, तारीख, अधिकृत खिडकी

व्हॅटिकन संग्रहालयांची तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात. प्रौढांचं तिकीट २० युरो, वर ऑनलाइन आरक्षणाचे ५. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात; साधं तिकीट १८ युरोंचं, त्यातच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. तळघर आणि रिंगणाच्या फरशीवर जायचं तर २४ युरोंचं वेगळं तिकीट आहे आणि ते बघता बघता संपतं. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा पाहून घ्या.

गूगलवर शोधलं की वरचे चार-पाच दुवे मध्यस्थांचे निघतात. तेच तिकीट तिथे दुप्पट-तिप्पट किमतीला असतं आणि पान दिसतं अगदी सरकारी. व्हॅटिकनच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट व्हीए’ने संपतो, कोलोसियमचा ‘कोलोसेओ डॉट आयटी’ने. पत्ता वाचल्याशिवाय कार्ड पुढे करू नका.

कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं आणि दारावर ते पासपोर्टशी ताडून पाहतात. इथे मराठी कुटुंबांची हमखास गडबड होते. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिकिटाच्या अर्जात ‘नोमे’ म्हणजे हा पूर्ण रकाना, ‘कोन्योमे’ म्हणजे आडनाव. घरचं लाडकं नाव किंवा लग्नाआधीचं आडनाव टाकू नका. १८ वर्षांखालच्या मुलांना कोलोसियममध्ये तिकीट माफ आहे, पण त्यांच्या नावाचं शून्य किमतीचं तिकीटही आरक्षित करावंच लागतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं, शेवटच्या रविवारी व्हॅटिकन संग्रहालयं. तीन दिवसांसाठी आलेल्यांनी या फुकटाच्या वाटेला जाऊ नये, अर्धा दिवस रांगेतच जातो.

राहायचं कुठे, पोचायचं कसं

पहिल्या भेटीसाठी मोंती किंवा प्राती या भागांत राहा. मोंतीतून कोलोसियम आणि फोरम पायी होतात, प्रातीतून व्हॅटिकन. तेर्मिनी स्थानकाजवळ खोल्या स्वस्त मिळतात आणि मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही लाइन तिथे भेटतात, पण रात्री उशिरा आजूबाजूच्या गल्ल्या रेंगाळण्यासारख्या नसतात. त्रास्तेव्हेरे सुंदर आहे. मात्र मध्यरात्रीपर्यंत खिडकीखाली गलका असतो, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर टाळा. नवोना चौकाच्या आसपास राहायला महाग आणि मेट्रो लांब. खोली घेताना लिफ्ट आहे का हे विचाराच. जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यापर्यंत बॅगा उचलून नेण्याची पाळी येते. शहराचा निवासकर दर माणशी दर रात्रीच्या हिशेबाने वेगळा पडतो, तो हॉटेलात थेट द्यावा लागतो आणि आरक्षणाच्या रकमेत सहसा धरलेला नसतो.

फ्युमिचिनो विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. युरोपची ही नवी नोंदणी ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली. त्यासाठी तास-दीड तास हाताशी ठेवा. शहरात जायला लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी ३२ मिनिटांत तेर्मिनीला पोचते, तिकीट १४ युरो. चौघं जण असाल तर टॅक्सी परवडते : जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत कुठेही जायचा दर ठरलेला आहे, ५५ युरो, सामानासकट. टॅक्सी पांढरी असते आणि अधिकृत थांब्यावरच उभी राहते. दारातच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्याकडे पाहूही नका.

शहरातला बस-मेट्रोचा प्रवास १.५० युरोत होतो. तिकीट १०० मिनिटं चालतं, मात्र त्यात मेट्रोचा एकच प्रवास. कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट यंत्रावर टेकवलं की पुरे. पण एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवून दोन तिकिटं झाली असं समजू नये, तपासनीस आला तर ५० युरोंहून जास्त दंड होतो. कागदी तिकीट घेतलं तर बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रातून छापून घ्या, छाप नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

संप हा तिथल्या वेळापत्रकाचाच भाग आहे, आणि तो बऱ्याचदा शुक्रवारी असतो. आदल्या दिवशी ‘शोपेरो’ (संप) हा शब्द कुठे दिसतोय का पाहा. संपातही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ वाहनं चालतात. शुक्रवारी कोलोसियम ठेवायचं आणि मोंतीत राहायचं ते याचसाठी.

पहिली संध्याकाळ

बॅगा टाका, अंघोळ करा आणि झोपू नका. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार; त्या रात्री दहापर्यंत जागलात की गाडी रुळावर येते.

नवोना चौकापासून सुरुवात करा. चौक लांबोळा आहे कारण तो सम्राट डोमिशियनच्या क्रीडांगणावर वसलाय. मधलं चार नद्यांचं कारंजं शिल्पकार बर्निनीचं, १६५१ सालचं. चार खंडांच्या चार नद्या : नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगेची मूर्ती दाढीवाल्या पुरुषाची आहे आणि हातात लांब वल्हं. एवढ्या मोठ्या नदीतून नावा चालतात हे दाखवायला. नाईलचं तोंड कापडाने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. कारंज्याला पूर्ण चक्कर मारल्याशिवाय चारही दिसत नाहीत.

तिथून पाच मिनिटांवर पँथिऑन, रोमन काळातलं मंदिर. जवळजवळ १९०० वर्षं जुना काँक्रीटचा घुमट, आतून व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून मधल्या उघड्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. झरोक्याला झाकण नाही, पाऊस सरळ आत पडतो. खाली पाहा : फरशीला हलका उतार आहे आणि पाणी जायला मध्ये बारीक भोकं. तिकीट ५ युरो, १८ वर्षांखाली माफ. संध्याकाळी सातला बंद होतं, म्हणून साडेपाचपर्यंत पोचा. उशीर झाला तर बाहेरून पाहून शनिवारी परत या.

पुढे दहा मिनिटांवर त्रेवी कारंजं. फेब्रुवारी २०२६ पासून दिवसा अगदी पाण्याच्या कडेपर्यंत उतरायला पर्यटकांना २ युरो पडतात. वरच्या बाजूने बघणं फुकट, आणि रात्री दहानंतर खाली जाणंही. आणखी दहा मिनिटांवर स्पॅनिश स्टेप्स. या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, पोलीस खरोखर उठवतात आणि दंडही करतात.

गुरुवार : व्हॅटिकन

सकाळी आठची वेळ घ्या. जवळचं मेट्रो स्थानक ओताव्हियानो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बिनबाह्यांचा ड्रेस असेल तर ओढणी पिशवीत असू द्या.

संग्रहालयात सगळं बघता येत नाही, म्हणून आधीच निवडा. लाओकूनचा पुतळा, नकाशांची गॅलरी (१५८० च्या दशकात इटलीचे प्रदेश भिंतींवर रंगवलेत), चित्रकार राफाएलने रंगवलेल्या खोल्या आणि शेवटी सिस्टीन चॅपेल. ‘काप्पेल्ला सिस्तिना’चे बाण सगळीकडे आहेत, पण त्यांच्यामागे धावत सुटलात तर राफाएल निसटायची भीती असते. चॅपेलमध्ये फोटोला बंदी आणि बोलायलाही. मायकेलअँजेलोने छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, वेदीमागची भिंत पुढे २०-२५ वर्षांनी. उभ्याने वर बघत राहिलं की मान पाच मिनिटांत दुखते. भिंतीलगतच्या बाकांवर जागा होईपर्यंत कडेला थांबा, मग बसून निवांत वीस मिनिटं बघा. छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या, छत बरंच उंच आहे.

संग्रहालय आणि बॅसिलिका यांची दारं वेगळी आहेत. तटबंदीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. चॅपेलमधून थेट बॅसिलिकेत जाणारं दार गाइडबरोबरच्या गटांसाठी असतं, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. दुपारी प्रातीत जेवा, पाय मोकळे करा आणि चारनंतर बॅसिलिकेच्या रांगेत लागा. प्रवेश फुकट आहे, रांग सुरक्षा तपासणीची. आत शिरल्यावर उजवीकडे पहिल्याच दालनात काचेमागे मायकेलअँजेलोचं ‘पिएता’ हे शिल्प आहे. घुमटावर चढायचं तर ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटच्या टप्प्यात भिंत घुमटाबरोबर कलत जाते. गुडघे दुखत असतील किंवा अरुंद जागेची भीती असेल तर राहू द्या, अर्ध्यातून मागे फिरता येत नाही.

शुक्रवार : कोलोसियम आणि फोरम

शक्यतो पहिल्या तासातली वेळ घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचा. मोठी बॅग आणि काचेची बाटली चालत नाही. सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात इसवी सन ७२ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि ८० मध्ये त्याचा मुलगा टायटसने उद्घाटन केलं. भिंतीत जागोजागी भोकं दिसतात, ती तोफगोळ्यांची नाहीत : दगड सांधायला घातलेले लोखंडी अडकवे मध्ययुगात लोकांनी उपटून नेले.

तिकीट २४ तासांचं असलं तरी फोरम आणि पॅलाटाइन मिळून आत जायची संधी एकच. जेवायला बाहेर पडलात की संपलं. म्हणून कोलोसियमनंतर काही खाऊन, टोपी घालून, बाटली भरून मगच आत जा. आधी पॅलाटाइन टेकडी, मग उतरून फोरम. वर गेल्याने खालचे अवशेष एकमेकांशी कसे जोडलेत ते कळतं, नाहीतर ते नुसते पडके खांब वाटतात. संध्याकाळी काम्पिदोलियो टेकडीवर, नगरपालिकेच्या वाड्यामागच्या कठड्यावर या. तिथून सगळं फोरम फुकट दिसतं, मावळतीला फार देखणं. कोलोसियमचं तिकीट मिळालंच नाही तरी हा दिवस वाया जात नाही : फोरमचं स्वतंत्र तिकीट घ्या आणि कोलोसियम बाहेरून, मेट्रो स्थानकाच्या वरच्या गच्चीवरून पाहा.

शनिवार : आपली आवड

चित्रं-शिल्पांची ओढ असेल तर बोर्गेझे गॅलरी. दोन तासांची पाळी असते, आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. इतिहासाची असेल तर ओस्तिया अँतिका हे जुनं बंदर : मेट्रो बीने पिरामिदे, तिथून शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून गाडी, जेमतेम अर्धा तास, आणि शहराचंच १.५० युरोचं तिकीट चालतं. व्यापाऱ्यांच्या चौकात फरशीवर मोझॅकमध्ये जहाजं आणि हत्ती चितारलेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती ज्यांनी टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली आहे, त्यांनी तर हे बंदर चुकवूच नये.

आणि जेझू चर्च. गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. त्याचा उजवा हात १६१४ मध्ये वेगळा करून रोमला नेला, तो इथे उजव्या बाजूच्या वेदीवर ठेवलाय. प्रवेश फुकट, दुपारी काही तास बंद. तिथून दहा मिनिटांवर सांत’इन्यात्सियो चर्च. त्याचा घुमट खरा नाही, सपाट कापडावर रंगवलेला आहे. फरशीवरच्या खुणेवर उभं राहिलं की खोल दिसतो, पुढे सरकलं की मोडतो. अंधाऱ्या चर्चमध्ये चित्रांवर दिवा लावायला यंत्रात नाणं टाकावं लागतं, सुटे एक-दोन युरो जवळ ठेवा.

शाकाहारी लोकांनी काय खावं

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण प्रश्न नेमका विचारावा लागतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मासा चालतो असं समजतात. म्हणा : ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. ‘काचो ए पेपे’ (चीज आणि मिरी) आणि ‘अराब्याता’ (टोमॅटो, लसूण, लाल मिरची) चालतात. फसवतात ते तळलेले पदार्थ : भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत चीजबरोबर अँकोव्ही मासा भरतात, आणि ‘सुप्ली’ या भाताच्या गोळ्यात बहुधा खिमा असतो. सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का तेही विचारा. पेकोरिनो आणि पार्मेझान चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘पिझ्झा मारिनारा’ घ्यावा, त्यात चीज नसतं, लसूण मात्र असतो. वजनावर विकला जाणारा ‘पिझ्झा आल ताल्यो’ दुपारसाठी झकास : बोटाने तुकडा किती मोठा ते दाखवायचं. घरचं जेवण आठवलंच तर तेर्मिनीजवळ पियाझ्झा व्हित्तोरियोच्या आसपास भारतीय आणि बांगलादेशी दुकानं, खाणावळी आहेत.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, पाणी थंड आणि पिण्याजोगं. तोटीचं टोक बोटाने दाबून धरलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उसळते, तोंड लावायला सोपी.

काय बिघडतं

पाकीटमारी. तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए लाइन ही पाकीटमारांची आवडती ठिकाणं. दार बंद होताना झालेल्या ढकलाढकलीतच हात आत जातो. मागच्या खिशात काही ठेवू नका, सॅक पोटावर घ्या. मनगटात धागा बांधणारा, हातात गुलाब देणारा, ग्लॅडिएटरच्या वेषात फोटोला बोलावणारा : तिघंही नंतर पैसे मागतात. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिचा कागद घेऊन व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवरच्या भारतीय दूतावासात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असू द्या. आणीबाणीचा नंबर ११२.

पायांचं दुखणं. जुन्या शहरात काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी आहे, उंच टाचा आणि नवे बूट दोन्ही त्रास देतात. महिनाभर वापरलेले बूट घाला.

पैसे. कार्डयंत्र ‘रुपये की युरो’ विचारतं तेव्हा युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. प्लगसाठी अडॅप्टर घ्या. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, जाड पिना बसत नाहीत.

दर माणशी ठरलेला खर्च असा : व्हॅटिकन २५, कोलोसियम १८, पँथिऑन ५, विमानतळाची गाडी जाऊन-येऊन २८, म्हणजे ७६ युरो. यात राहणं, जेवण आणि शहरातला प्रवास वेगळा.

परतीला विमानाच्या साडेतीन तास आधी विमानतळावर असा, बाहेर पडतानाही नोंदणीची रांग असते. एका दुकानात एकाच वेळी ७० युरोंहून जास्त खरेदी केली असेल तर करपरतावा मिळतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज मागून घ्यावा लागतो आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सची मंजुरी घ्यावी लागते. वस्तू बॅगेत गेली आणि बॅग पट्ट्यावरून पुढे गेली की परतावा गेला.